आजीचे कर्ज आजीबरोबरच संपले पाहिजे

कर्ज मागायला आलेल्या म्हातारीला समितीतले कोणीतरी हमखास विचारते, "आजी, वय काय तुमचे?" वरवर साध्या चौकशीचा वाटणारा हा प्रश्न खरे तर 'हप्ते संपेपर्यंत तुम्ही जगाल का?' असा असतो, आणि समोर बसलेल्या आजीलाही तो तसाच ऐकू येतो. आईवडील गेलेल्या नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी चालणाऱ्या एका छोट्या फिरत्या निधीची हिशेबवही मी काही वर्षे लिहिली. वय विचारण्याला माझा आक्षेप नाही. उतारवयात कर्ज घेणाऱ्याच्या मृत्यूचा विचार न करणे हाही निष्काळजीपणाच आहे. माझा आक्षेप आहे तो वयाच्या पाठोपाठ मनात येणाऱ्या 'मग उरलेले पैसे कोण देणार?' या प्रश्नाला, कारण त्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर नेहमी घरातच खेळत असते आणि ते अजून सज्ञानही झालेले नसते.

ज्यांना या व्यवहाराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. फिरता निधी म्हणजे एकदा उभी केलेली रक्कम जी वाटून संपत नाही, तर परत येऊन पुढच्या गरजूकडे जाते. दहा जणींना एकाच दिवशी सारखी कर्जे दिली आणि प्रत्येकीने ती दहा मासिक हप्त्यांत फेडायची ठरली, तर पहिल्याच महिन्याच्या अखेरीस दहा हप्ते मिळून एक पूर्ण कर्ज जमा होते आणि अकरावीचा क्रमांक लागतो. पुढच्या महिन्यापासून तीही हप्ता भरू लागते. आपण भरलेला हप्ता कोणाच्या घरी जाणार आहे हे प्रत्येकीला ठाऊक असते, आणि बँकेच्या कोणत्याही नोटिशीपेक्षा ही ओळख वसुलीला अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

या आजी-आजोबांची संख्या थोडीथोडकी नाही. आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागात एचआयव्हीने कमावत्या वयाची माणसे नेली तेव्हा मागे राहिलेल्या लाखो मुलांचा भार कोणत्याही सरकारी योजनेच्या आधी आज्यांनी उचलला. युगांडातील कानुंगू जिल्ह्यात 2001 मध्ये सुरू झालेला न्याका प्रकल्प अनाथ मुलांच्या शाळेपासून निघाला आणि आज्यांच्या गटांपर्यंत पोहोचला. कॅनडातील स्टीफन लुईस फाउंडेशनने मार्च 2006 मध्ये आफ्रिकी आज्यांसाठी खास मोहीम सुरू केली. पुढे कोरोनाच्या काळात, जुलै 2021 मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज मांडला की, पहिल्या चौदा महिन्यांत जगभरातील 11 लाखांहून अधिक मुलांनी आपला मुख्य सांभाळकर्ता गमावला. त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, मुलांची पूर्ण जबाबदारी घेतलेल्या आजी-आजोबांचा मृत्यू त्यांनी आईबापांच्या मृत्यूच्याच रांगेत मोजला. कर्ज देणाऱ्या बहुतेक संस्थांच्या नियमावलीत मात्र हेच आजी-आजोबा वयोमर्यादेबाहेरचे अर्जदार ठरतात.

आमच्याकडे आलेल्या एका आजींचा अर्ज मला अजून आठवतो. मुलगा आणि सून दोघेही गेलेले, तीन नातवंडे पदरात, त्यातली मोठी नात अकरा वर्षांची. समितीचा आग्रह शेळ्यांसाठी होता, कारण शेळीचे पैसे लवकर सुटतात असे तक्त्यावर दिसत होते. आजी सगळे ऐकून घेऊन म्हणाल्या, "शेळी पळाली तर तिच्या मागे कोण पळणार, बाई? माझे गुडघे की ही शाळेतून येणारी पोर? कोंबड्यांचे खुराडे दाराशी असते, बसल्या जागेवरून हाक मारली तरी त्या आत जातात." मागितलेल्या रकमेची निम्मीच त्यांनी घेतली. त्यांनी मांडलेला हिशेब आमच्या तक्त्यात बसत नव्हता, पण तो आमच्यापेक्षा पक्का होता: जो धंदा आजीच्या शरीराला झेपत नाही, त्याची उरलेली मेहनत मुलांच्या वाट्याला येते आणि मग शाळा सुटते. म्हणून अर्जात 'व्यवसाय कोणता' या रकान्याशेजारी 'तो रोज करणार कोण' हा रकाना असलाच पाहिजे, आणि उत्तरात मुलांची नावे आली तर कर्ज मंजूर करण्याआधी दुसरा धंदा सुचवला पाहिजे.

हप्त्यांच्या वेळापत्रकाचेही तसेच आहे. दर महिन्याला ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम, ही शिस्त पगारदाराला मानवते. पण ज्या घरात शाळा उघडण्याच्या महिन्यात सगळा पैसा गणवेश, वह्या आणि फीमध्ये जातो, तिथे त्याच महिन्यातला हप्ता वसूल करणे म्हणजे ज्या कामासाठी कर्ज दिले त्याच्यावरच घाला घालणे होय. याबाबतीत गावपातळीवरील बचत आणि कर्ज गटांकडून शिकण्यासारखे आहे. नायजरमध्ये 1991 मध्ये केअर या संस्थेने बायकांच्या गटांबरोबर ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती आफ्रिकेत दूरवर पसरली. पेटीला तीन कुलुपे, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे, आणि साधारण वर्षातून एकदा सर्व बचत व्याजासह वाटून घ्यायची. हे वाटप कधी करायचे ते गटच ठरवतो आणि बरेच गट शाळेच्या खर्चाची वेळ पाहूनच तो महिना निवडतात.

व्याजाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिथे फसगत फार होते. मूळ रकमेवर शेवटपर्यंत तेवढेच व्याज लावायचे की उरलेल्या मुदलावर, हे आधी विचारावे. दहा समान हप्त्यांत फिटणाऱ्या कर्जात कर्जदाराकडे सरासरी निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम असते, त्यामुळे पहिल्या पद्धतीतला दर कागदावर दिसतो त्याच्या जवळजवळ पावणेदोन ते दोनपट पडतो.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना न आवडणारे बोलते. छोट्या कर्जाने गरिबी हटते, हा दावा टिकलेला नाही. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांत झालेल्या काटेकोर चाचण्या 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि त्यांचा निष्कर्ष असा होता की, परिणाम थोडा चांगला असतो, पण आयुष्य पालटून टाकणारा नसतो. याउलट दक्षिण आफ्रिकेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन कृष्णवर्णीय नागरिकांना पूर्णपणे लागू झाले, तेव्हा काय घडले याचा अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. निवृत्तिवेतन आजीच्या हातात आले, त्या घरांतील नातींचे उंचीच्या मानाने वजन सुधारले. ते आजोबांच्या हातात आले तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. (आजोबा वाचकांनी रागावू नये, मी फक्त निष्कर्ष सांगते आहे.) तेव्हा नातवंडांच्या रोजच्या जेवणासाठी आजीला कर्ज काढावे लागत असेल, तर तिथे निधी कमी पडलेला नसून निवृत्तिवेतन कमी पडलेले आहे. फिरता निधी शोभतो तो त्याच्या वरच्या पायरीवर: खुराडे, शिलाई यंत्र, गळके छप्पर, एखादे दुकान मांडण्यापुरता माल. देणगीदारांना 'दान नव्हे, कर्ज' हे वाक्य फार आवडते, कारण त्यात आजीचा स्वाभिमान राखल्याचे समाधान मिळते आणि पैसेही परत येतात. पण उपाशी घराला परतफेडीची शिस्त शिकवण्यात कोणाचाच स्वाभिमान नसतो.

याच कारणाने एखाद्या निधीने शंभर टक्के वसुलीचा फलक लावला की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. एकतर तिथे सर्वांत अडचणीतल्या आजीला दारातूनच परत पाठवले जात असेल, किंवा हप्ता भरण्यासाठी कोणाच्या तरी घरी काहीतरी विकले जात असेल. बुडीत रकमेचा हिशेब टाळून चालत नाही, हेही तितकेच खरे. प्रत्येक फेरीत पाच टक्के रक्कम बुडाली, तर दहा फेऱ्यांनंतर मूळ निधीचा सुमारे साठ टक्केच भाग उरतो. दहा टक्के बुडाली, तर जेमतेम पस्तीस टक्के. म्हणजे निधी चालवणाऱ्यांनी ही झीज गृहीत धरून दरवर्षी भर घालण्याची तरतूद पहिल्या दिवशीच करावी. अठराव्या शतकात डब्लिनमध्ये लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी स्वतःचे 500 पौंड बाजूला काढून कष्टकऱ्यांना पाच-दहा पौंडांची बिनव्याजी कर्जे दिली होती, आठवड्याच्या हप्त्याने आणि शेजाऱ्यांच्या हमीवर. शेजाऱ्याची हमी ही कल्पना जुनी आणि चांगली आहे; पण आमच्या आज्यांच्या बाबतीत जामीन राहणारी शेजारीणही बहुधा तितक्याच वयाची असते.

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहीत असले, तरी मला ते शिकवले त्या कोंबड्यांवाल्या आजींच्या नातीने. आजींना वाचता येत नव्हते, म्हणून दर बैठकीला नात हप्त्यांची पुस्तिका घेऊन येई आणि माझ्या वहीशी ताडून पाही. एकदा तिने बोट ठेवून सांगितले की, मागचा हप्ता पुस्तिकेत आहे, तुमच्या वहीत नाही. चूक माझीच होती; मी ती दुरुस्त केली आणि तिचे कौतुक केले. ती गेली नाही. आजी बाहेर उन्हात बसल्या आहेत याची खात्री करून तिने हळूच विचारले, "ताई, आजी गेली तर राहिलेले मी द्यायचे का? किती वर्षांची झाल्यावर?" तिने उरलेल्या हप्त्यांची बेरीज पुस्तिकेच्या मागच्या पानावर पेन्सिलने आधीच करून ठेवली होती. आमच्या नियमावलीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. वसुलीसाठी घरी किती वेळा जावे, हे होते.

पुढच्या बैठकीत दोन वाक्ये लिहिली गेली. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेली रक्कम निधीने सोसावी आणि वारसांकडे तिची मागणी कधीही करू नये, हे पहिले. त्यासाठी प्रत्येक कर्जातून थोडी रक्कम वेगळी ठेवण्याचे ठरले. दुसरे असे की, अर्ज भरतानाच जामीनदाराच्या नावाखाली आणखी एक नाव लिहून घ्यावे: आपल्यामागे मुलांना सांभाळणार कोण. यावर एका सदस्याने, हा आपला विषय नाही, असा आक्षेप घेतला. माझ्या मते निधीचा विषय असेल तर तो हाच होता. पैसे ही त्यामानाने सोपी गोष्ट होती.

आजींना बोलावून तो रकाना वाचून दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दोन पुतणे आणि एक भाऊ असताना त्यांनी नाव सांगितले ते गटात त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंचे, ज्या स्वतः दोन नातवांना वाढवत होत्या. त्या बाईंना याची आधी काहीच कल्पना नव्हती. मी लेखणी थांबवून त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "लिहा. आणि माझ्या कागदावर हिचे नाव लिहा."