माग बंद पडले की जाग यायची
जुन्या इमारतींत होणाऱ्या नाटकांवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. नाटकाचा प्रयोग थिएटरात न करता जुन्या इमारतीतच करायचा, प्रेक्षकांनी खोल्याखोल्यांतून चालायचं आणि तिथे राहिलेल्यांची स्वप्नं ऐकायची, हे वाचताना मला आमचं सोलापूरच दिसत होतं. आमचं घर पूर्व भागात, खाली पावरलूमचा कारखाना आणि वर आम्ही झोपायचो, रात्रभर खटक खटक चालू, फरशीला हात लावला तरी हादरा कळायचा आणि त्या आवाजातच गाढ झोप लागायची. लाइट गेली आणि माग थांबले की आम्ही सगळी पोरं दचकून जागी! आता पुण्यात फ्लॅटमध्ये राहते पण स्वप्नात घर येतं ते तेच, लोखंडी जिना, तेलाचा वास, कपड्यांवर कापसाची पिंज.

तुम्ही म्हणता ही कल्पना आपल्याकडे नवी आहे, ते मात्र पटलं नाही. सोलापुरात सिद्धेश्वरांच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दोन दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, शहरभरच्या 68 लिंगांना तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. सगळं गाव स्टेज असतं आणि प्रेक्षक पण चालतच असतो ना!

सोलापूरची 1877 ची जुनी मिल, तिचा भोंगा, तिथल्या कामगारांच्या घरची माणसं, यांना घेऊन कुणीतरी असा प्रयोग करा हो. भोंगा ऐकलेली माणसं अजून आहेत तोवरच करा, मी पुण्याहून मुद्दाम येईन, आईलाही घेऊन.