निवडुंगाचा चीक डोळ्यात घालू नका

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला गावच्या, भावकीच्या आणि बचत गटाच्या ग्रुपवर आला. तीनधारी निवडुंग म्हणजे कॅक्टसच, फड्या निवडुंगासारखा निर्धोक. चीक लागला तर पाण्यानं धुवा. डोळ्यात फूल पडलं तर त्याच चिकाचा थेंब घाला, आयुर्वेदात सांगितलंय. कुंडीत काळी माती भरा आणि रोज पाणी घाला. यातलं एकही धड नाही, आणि डोळ्याचं सांगणं तर नजर घालवणारं आहे.

म्हणून आधी तेच घेते. आयुर्वेदात काय सांगितलंय? तीनधारीच्याच जातकुळीतली स्नुही, तिचं दूध चरकसंहितेनं जहाल रेचकांत सगळ्यांत वर ठेवलंय. भगंदरावर वापरतात तो क्षारसूत्र नावाचा औषधी दोरा याच दुधाचा. दोऱ्यावर आधी नुसत्या चिकाची ११ पुटं, मग चीक आणि आघाड्याच्या क्षाराची ७, शेवटी चीक आणि हळदीची ३. प्रत्येक पुट वाळल्यावरच पुढचं. असा २१ पुटांचा दोरा आतलं मांस हळूहळू कापत नेतो, तेही शिकलेल्या वैद्याच्या हातून. ते द्रव्य बुबुळावर टाकायचं? सरकारनंही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी दिली आहे, त्यात रुईबरोबर स्नुहीचं नाव आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काकांनी गच्चीवरचा पुरुषभर वाढलेला तीनधारी छाटला. कोयता बसला की प्रत्येक कापातून दुधासारखी धार लागायची. घाम आला, त्यांनी बाहीनं डोळा पुसला. थोडं चुरचुरलं, पाणी मारलं, संध्याकाळी भाकरी खाऊन झोपले. रात्री एकच्या सुमारास विव्हळत उठले. पापणी सुजून मिटलेली, बॅटरीचा उजेडही सोसेना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बुबुळावरचा पातळ थर सोलला गेलाय. पेपर वाचायला दहा दिवस गेले. हा चीक असाच दगा देतो, खरी आग काही तासांनी उठते. म्हणून दुखायची वाट बघू नका. डोळा चोळू नका, उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. झाडाचा फोटो सोबत न्या. घरातलं कुठलंही थेंबाचं औषध घालू नका, तूप-मध तर नाहीच.

हाताचं वेगळं. चीक पाण्यात विरघळत नाही, नुसत्या पाण्यानं पसरतो आणि रबरासारखा चिकटतो. आधी जुन्या फडक्यानं टिपून घ्या, मग साबण लावून दोन-तीनदा धुवा. छाटताना रबरी हातमोजे घाला, कारण सुती मोज्यांतून चीक आत झिरपतो. साधा चष्मा तरी डोळ्यांवर हवाच. फांदी धरायला वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी गुंडाळा.

तीनधारी कॅक्टस नाही. कॅक्टस मूळचे अमेरिका खंडातले, हा एरंडाच्या कुळातला. ओळखायला फांदी मोडून बघायची गरज नाही. फड्याच्या हिरव्या पानासारख्या फडांवर काट्यांचे पुंजके आणि बारीक कुसं असतात, तीनधारीच्या धारेवर काटे जोडीजोडीनं येतात. नर्सरीतून आणतो ती लाल फुलांची काटेरी युफोर्बियाही याच कुळातली, मूळची मादागास्करची, आणि चीक तिलाही आहे. मेसेजमध्ये तिचं नाव नाही, पण लहान पोरांच्या घरात तीच जास्त दिसते.

राहिली माती. आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. निम्मा मुरूम, थोडी जाडी वाळू, थोडं जुनं शेणखत, आणि बुडाला मोकळी भोकं. तोडलेली फांदी सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, कापावर खपली धरल्यावरच लावा. पाणी माती आतपर्यंत सुकल्यावर, पावसाळ्यात कुंडी वळचणीला. पाण्याचा ताण पडला की युफोर्बिया पानं गाळते, तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नका.

काकांचा निवडुंग अजून गच्चीवरच आहे. फक्त जिन्याच्या तोंडाशी होता, तो त्यांनी पाण्याच्या टाकीमागे पोरांच्या हाताबाहेर सरकवला, आणि कोयत्याशेजारी खिळ्याला आता एक चष्मा टांगलेला असतो.