नळी नाही, मग मटण कसलं?

महाराष्ट्रात कुणी व्हीगन झालंय, म्हणजे दूध-तुपासकट जनावरांकडून येणारं सगळंच सोडलंय, असं कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न चहाचा असतो. "दूधपण नाही? मग चहा?" जनावरं, पर्यावरण, कोलेस्टेरॉल हे सगळं नंतर. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. आपला शाकाहार दुधातुपावर उभा आहे. माळकरी मटण-मासे सोडतो, पण काल्याला दही लागतंच. नैवेद्याच्या वरणभातावर तूप पडल्याशिवाय पान पुरं होत नाही. जैनांना कांदा-बटाटा वर्ज्य, दूध चालतं. अशा घरात १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी घडवलेला 'व्हीगन' हा शब्द येऊन सांगतो की तुमचं तूपसुद्धा हिंसेचंच. मटण खाणारा निदान हसून सोडून देतो. खरा राग येतो तो पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असणाऱ्याला, कारण आजवर वरच्या पायरीवर तो होता.

चहाचं उत्तर आधी देऊन टाकतो. सोया दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं, आलं घातलं असेल तर जास्तच, कारण चहाचा आंबटपणा, उष्णता आणि आल्यातलं प्रथिन तोडणारं द्रव्य असे तिघे मिळून त्यातलं प्रथिन गोठवतात. म्हणून पाणी, साखर, आलं, पावडर नीट उकळून गाळून घ्या, दूध वेगळं कोमट करा, आणि गॅस बंद केल्यावर दोन्ही एकत्र करा. ओटचं दूध सहसा फाटत नाही, पण उकळलं की पेजेसारखं दाटतं. शेंगदाण्याचं दूध घरी स्वस्तात होतं: एक वाटी दाणे आठ तास भिजवा, सालं काढा, साडेतीन वाट्या पाण्यात वाटून पंचातून गाळा, मंद आचेवर सतत ढवळत तापवा, कारण ते तळाला लगेच लागतं. चहात दाण्याचा वास राहतो, हे खोटं कशाला बोला. कोरा चहा लिंबू पिळून प्यावा, हे माझं मत.

पाकिटावरच्या ठिपक्याबद्दल बरेच जण फसतात. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध, दूध पावडर, व्हे आणि केसीन ही दुधातली प्रथिनं, मध सगळं बसतं. व्हीगन मालासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि हिरव्या चौकटीतलं पान फुटलेलं 'व्ही' हे चिन्ह दिलं. ते नसेल तर घटकांची यादी वाचायची. पाव, खारी, नानकटाई, बिस्किटं इथे हमखास दूध किंवा लोणी निघतं. हॉटेलातल्या 'व्हेज' रश्शातही काजूबरोबर साय किंवा बटर असतं.

दुधावरून होणाऱ्या भांडणात मात्र दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. गाय दूध द्यायची तर व्यायला हवी, आणि होणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे. शेतात ट्रॅक्टर आला, बैलाचं काम गेलं. २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग गोऱ्ह्याचं आणि भाकड गाईचं काय होतं, हा व्हीगनांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि मटणवाल्याला पापी म्हणत बासुंदी ओरपणाऱ्याकडे त्याचं उत्तर नाही. पण ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो, सोयाबीन वर्षातून एकदा, आणि डेअरीचं बिल दहा दिवसांनी हातात येतं. मुला-मुलीची फी त्यातून जाते. त्या माणसाला 'दूध सोडा' सांगणाऱ्याने दहा दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या पैशाचंही सांगायला हवं. ते कुणी सांगत नाही.

आता नकली मटण, म्हणजे सोयासारख्या वनस्पतींच्या प्रथिनापासून बनवलेला, मांसासारखा लागणारा पाकीटबंद माल. माझं म्हणणं साधं आहे: हा माल ज्याच्यासाठी बनवलाय तो गिऱ्हाईक आपल्याकडे फार थोडा आहे. माळकऱ्याला मांसासारखं दिसणारं, दाताखाली तसं लागणारं काहीही नकोच असतं, किळस येते. मांसाहारी म्हणतो, खरं मिळतंय की. मधे उरतात ते सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण पाळणारे. हे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्यू या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात ३९ टक्के भारतीयांनी स्वतःला शाकाहारी म्हटलं, पण मांसावर कसली ना कसली मर्यादा पाळणारे ८१ टक्के निघाले. कंपन्यांना हा आकडा सोन्याची खाण वाटला. गडबड अशी की वार पाळणाऱ्याला त्या दिवशी मटणाची आठवणच नको असते. गटारीला पोटभर खाऊन झालंय, आता महिनाभर अळूचं फदफदं आणि वालाचं बिरडं हवं. त्यात मटणाची नक्कल आणली तर व्रत मोडलं की राहिलं, हा नवाच घोळ.

जगातही या धंद्याची हवा उतरली आहे. अमेरिकेतल्या बियॉण्ड मीटचा शेअर २०१९ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला, काही महिन्यांत दोनशेच्या वर गेला आणि पुढे दहाच्याही खाली आला. आपल्याकडे रितेश आणि जेनेलिया देशमुखांनी २०२१ मध्ये याच धंद्यात कंपनी काढली. देशमुख लातूरचे आणि लातूर सोयाबीनचं आगार, हा योग मला गमतीचा वाटतो. कारण त्या सोयाबीनचं तेल काढल्यावर उरणारी पेंड बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे सोया आपण खातोच, कोंबडीमार्गे.

पाकिटातल्या मालात चुकतं कुठे? आपल्याकडे मटणाची ओढ निव्वळ मांसाच्या तंतूंची नाही. नळी चोखायची असते, हाडाचा अर्क रश्शात उतरलेला असतो, वर तर्री असते. कंपन्या तंतू हुबेहूब बनवतात: प्रथिनाचं ओलं पीठ यंत्रात तापवून दाबाखाली पुढे ढकलतात आणि थंड होणाऱ्या साच्यातून काढतात, की धागे पडतात. हाड कुठून आणणार? शिवाय कबाब-पॅटीत बांधणीसाठी बहुधा मिथाइलसेल्युलोज असतं. त्याचा गुण उलटा आहे, तापल्यावर घट्ट होतं आणि गार झाल्यावर सैल. त्यामुळे तव्यावरून उतरलेली पॅटी छान लागते आणि तीच डब्यात दुपारी एक वाजता लगदा होते. डबा नेणाऱ्या राज्यात हे चालायचं कसं? त्यात माल उणे अठरा अंशात ठेवावा लागतो, म्हणजे किराणा दुकानात आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये कोपरा मागायचा आणि लोडशेडिंगला नमस्कार करायचा. आणि किलोचा भाव चिकनच्या वर. ज्यांनी पाकीट आणलंच आहे त्यांनी (पाकिटावर वेगळं सांगितलं नसेल तर) वितळवत बसू नये. गोठलेलंच थोड्या जास्त तेलात मध्यम आचेवर परता आणि रश्शात शेवटची चार-पाच मिनिटंच घाला. अर्धा तास उकळलंत तर विरघळून जाईल.

याउलट मेसमध्ये जिला नावं ठेवतात ती सोयावडी. कोरड्या वडीत शंभर ग्रॅमला पन्नासेक ग्रॅम प्रथिन, आणि भाव चिकनपेक्षा कितीतरी कमी. तिची बदनामी चुकीच्या पद्धतीने शिजवण्याने झालीय. चार माणसांना शंभर ग्रॅम वड्या पुरतात, भिजून अडीच-तीनशे ग्रॅम होतात. एक लिटर पाणी उकळून त्यात चमचाभर मीठ घाला, वड्या टाकून सहा-सात मिनिटं उकळा, गार पाण्यात काढा आणि मुठीत दाबून पिळा. पुन्हा पाणी, पुन्हा पिळा, असं तीनदा. पहिलं पाणी पिवळट फेसाळ येतं, तो उग्र वास त्यातून जातो. बहुतेक जण एकदाच हलकं पिळतात. मग आत पाणी तसंच राहतं, रस्सा शिरायला जागा नसते आणि वडी चावली की फिका फवारा तोंडात. रात्रभर भिजवणं ही दुसरी चूक, वडी पिठूळ होते.

पिळलेल्या वडीला आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ चोळून अर्धा तास ठेवा. दोन चमचे तेलात कडा तांबूस होईपर्यंत परता. ही पायरी गाळायची नाही, भाजलेपणाची चव इथेच येते. वाटणाला दोन कांदे उभे चिरून काळपट होईस्तोवर भाजलेले, अर्धी वाटी सुकं खोबरं, धणे, खसखस, दहा लसूण पाकळ्या. वडीला स्वतःची चरबी नाही, म्हणून फोडणीला नेहमीच्या भाजीच्या दुप्पट तेल, चार मोठे चमचे तरी. त्यातच कांदा-लसूण मसाला मंद आचेवर, जळू न देता. वाटण तेल सुटेपर्यंत परता, पाणी कढत घाला, वड्या टाकून झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं. उतरवल्यावरही वड्या रस्सा पीत राहतात, तासाभरात भांडं कोरडं दिसतं, म्हणून कपभर पाणी आधीच जास्त. रश्शाला खोली हवी असेल तर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत भाजून, चिरून वाटणात घाला.

कच्च्या फणसाला हल्ली परदेशात 'झाडावरचं मांस' म्हणून भाव आलाय. पोत उत्तमच आहे, पण शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम प्रथिन. त्याच्या भरवशावर मटण सोडलंत तर सोबत डाळ-उसळ हवी. आणि बी-१२ कुठल्याच भाजीत विश्वासाने मिळत नाही. दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही त्याची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे, पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने ती वर्षानुवर्षं मोजली. दूधही सोडणाऱ्याने रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच. हातापायाला मुंग्या येईपर्यंत थांबू नये.

नक्कल करायचीच तर ती मालवणात केव्हाच झाली आहे. शिवराक, म्हणजे शाकाहारी, वाराला कोंबडीच्या जागी काळ्या वाटाण्यांचा सांबारा करतात, आणि सोबत वडे तेच. कुणी त्याला व्हीगन म्हणत नाही, नकली कोंबडीही म्हणत नाही. नक्कल मांसाची नाहीच, वाटणाची आहे. वाटाणे दहा-बारा तास भिजवून मीठ घालून पाच-सहा शिट्ट्या काढायच्या. शिजल्याचं काळं दाट पाणी फेकायचं नाही, हाडाच्या अर्काचं काम तेच करतं. मूठभर शिजलेले वाटाणे भाजक्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणातच वाटायचे, म्हणजे रस्सा मिळून येतो. मालवणी मसाला फोडणीत, आमसुलं सगळ्यात शेवटी, कारण आधी घातली तर वाटाणा कडक राहतो. आणि संध्याकाळी खायचं असेल तर सकाळीच करून ठेवा, मुरल्यावर जास्त चांगलं लागतं.