रोजकीर्द होती, ताळेबंद नव्हता

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे बॉस्टनला चार महिने होतो. तिकडे गेलेल्या आईबापांचं काय होतं ते माहीत असेलच तुम्हाला. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, मग सकाळी मुलगा-सून कामाला गेले की दोघं खिडकीतून खारी बघत बसतात. मी मात्र ह्यांना ओढून अमेरिकेच्या जुन्या पुढाऱ्यांची घरं बघत हिंडले. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी कबूल करते, थॉमस जेफरसन, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि पुढे तिसरा राष्ट्राध्यक्ष झालेला, हा माझा शाळेपासूनचा लाडका माणूस. आमच्या इतिहासाच्या बाईंनी "सर्व माणसं समान जन्माला आली आहेत" हे त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं होतं आणि पुढचा तास होईपर्यंत कुणी पुसलं नव्हतं. पण मी पुढे बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. माणूस काय बोलतो ते ऐकून घ्यायचं, मग त्याचं घर बघायचं, मग वह्या मागवायच्या, ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

मुलाने सुट्टी काढून व्हर्जिनियात मॉन्टिसेलोला नेलं. टेकडीच्या माथ्यावरचं जेफरसनचं हे घर त्याने स्वतः आखलेलं, चाळीसेक वर्षं बांधत-पाडत-बांधत राहिलेलं. पाच सेंटच्या नाण्यावर आहे तेच. दिवाणखान्याच्या आधीच्या दालनात दारावर एक मोठं घड्याळ आहे. त्याची तोफगोळ्यांसारखी वजनं दोरांवरून हळूहळू खाली उतरतात आणि भिंतीवर वारांची नावं लावली आहेत. वजन ज्या नावापाशी, तो वार. गंमत अशी की भिंत कमी पडली. मग पठ्ठ्याने जमिनीला भोक पाडलं. त्यामुळे त्या घरात शनिवार तळघरात येतो! मी वाकून बघत राहिले. असल्या डोक्याच्या माणसावर जीव जडणारच.

मग जेवणघर. शेगडीच्या कडेला छोटा पाळणा, त्यातून वाइनची बाटली खालच्या तळघरातून वर येते. दाराला मागच्या बाजूने फळ्या. खालून आणलेलं जेवण त्यावर मांडायचं आणि दार फिरवायचं, की ताटं आत. स्वयंपाकघर, कोठारं सगळी टेकडीच्या उतारात, गच्चीखाली दडवलेली. ह्या घरात काम होतं, पण करणारा दिसत नाही. आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं जेफरसनच्या मालकीची होती, आणि घर असं आखलेलं की पाहुण्याला त्यांची सावलीही पडू नये. तेव्हा वाटलं, त्याची वाक्यंही अशीच आहेत. गुळगुळीत, उजेडाची, खालचं काही वर न येऊ देणारी.

आता वह्या. हा माणूस रोजचा खर्च लिहायचा, पै न् पैचा. ४ जुलै १७७६ ह्या दिवशीची नोंद आहे: एक थर्मामीटर घेतला, बायकांच्या हातमोज्यांचे सात जोड घेतले, थोडा दानधर्म केला. देश स्वतंत्र होतोय आणि साहेब हातमोजे लिहून ठेवताहेत. माझ्यासारखीला ह्याहून गोड काय असणार? पण अशी कीर्द त्याने वर्षानुवर्षं लिहिली आणि बेरीज मात्र धड कधी मारली नाही. रोजकीर्द होती, ताळेबंद नव्हता. सासऱ्याच्या इस्टेटीबरोबर आलेलं कर्ज, त्यावर स्वतःचं, बांधकाम, पाहुणे, वाइन. १८१५ साली त्याने आपली ६,४८७ पुस्तकं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, २३,९५० डॉलरला विकली, त्यातून काही देणी भागवली, आणि त्याच वर्षी मित्राला, जॉन अ‍ॅडम्सला लिहिलं की पुस्तकांशिवाय मी जगू शकत नाही. म्हणजे पुन्हा खरेदी चालू.

आणि कळस म्हणजे १८१८ मध्ये हा गृहस्थ नातवाच्या सासऱ्याला जामीन राहिला. वीस हजार डॉलरला! वाचताना मी कपाळावर हात मारला. आमच्या टेबलासमोर बसून "सोयरे आहेत हो, नाही कसं म्हणायचं" म्हणणारे किती जण मी पाहिलेत. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, व्याही बुडाले, बोजा ह्याच्या डोक्यावर. मेला तेव्हा देणं एक लाख सात हजारांच्या घरात होतं.

ते देणं कुणी फेडलं? जानेवारी १८२७ मध्ये त्याच टेकडीवर लिलाव झाला. एकशेतीस माणसं विक्रीला. जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता, त्याला जेफरसनने मृत्युपत्रात मुक्त केलं होतं. त्याची बायको ईडिथ, घराची मुख्य स्वयंपाकीण, राष्ट्राध्यक्षांच्या घरात फ्रेंच स्वयंपाक शिकलेली, तिला नाही. मुलांनाही नाही. लोहार मोकळा, बायकापोरं लिलावात. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा.

बॉस्टनला परतल्यावर एका सकाळी लाल लाइनच्या गाडीने क्विन्सीला गेलो. जॉन अ‍ॅडम्सचं घर. दुसरा राष्ट्राध्यक्ष, जेफरसनचा मित्र, मग राजकारणातला वैरी, मग म्हातारपणी पुन्हा मित्र. घर काही भारी नाही. त्याच्या बायकोने, अ‍ॅबिगेलबाईंनी लंडनहून परतल्यावर ते पाहिलं आणि त्यांचा जीव एवढासा झाला. लेकीला लिहिलं की येताना डोक्यात पिसं खोवू नकोस, आणि जावईबापूंना म्हणावं टाचांचे बूट घालू नका, नाहीतर ताठ चालता यायचं नाही. पुढे एक उंच छताची बाजू जोडली. कुठे काय कधी वाढवलं ते डोळ्यांना कळतं. आपल्याकडे पोराच्या लग्नाच्या वेळी वर खोली चढवतात, तसं.

आणि अ‍ॅडम्सने जन्मात एकही गुलाम ठेवला नाही.

नवऱ्याला जमिनीचा सोस, बाईंना सरकारी रोख्यांचा. तिकडे तो युरोपात राजदूत म्हणून होता, इकडे ह्या घर चालवून, पडलेल्या भावात रोखे विकत घेत होत्या, आणि त्यांचंच गणित बरोबर ठरलं. लग्न झालेल्या बाईच्या नावावर कायद्याने काही नसायचं त्या काळात. १८०३ मध्ये लंडनची एक बँक बुडाली आणि अ‍ॅडम्सची पुंजी गेली, तेव्हा थोरल्या मुलाने आपली मालमत्ता विकून सावरलं. म्हणजे फटका त्यांनाही बसलाच. पण त्यासाठी कुणाचं पोर लिलावात उभं राहिलं नाही.

अ‍ॅडम्सचं लिहिणं त्याच्या घरासारखं. चिडकं, पसरट, मध्येच कुठेही जिना. इंग्लंडमध्ये राजदूत असताना रस्त्याकडेचा एक शेणखताचा ढीग त्याने निरखून पाहिला आणि टिपून ठेवलं की खत बरं आहे, पण आमच्यासारखं नाही! त्याचं कुठलंच वाक्य शाळेच्या फळ्यावर जात नाही. तरी एक गोष्ट तिथे कळली. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेचा मसुदा ह्याचा. त्यात सगळी माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात असं कलम होतं, शब्द सभेने थोडे फिरवले. दुसऱ्याच वर्षी एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम बाई त्या घटनेच्या आधारावर कोर्टात गेली आणि सुटून आली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चेक वटला. जेफरसनच्या वाक्याला मार्टिन ल्यूथर किंगनी १९६३ मध्ये न वटता परत आलेला चेकच म्हटलंय.

मग लाडका बदलला का? इथे माझं अडतं. आपल्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत जेफरसनचा दाखला दिला होता, अ‍ॅडम्सचा नाही. प्रत्येक पिढी म्हणजे वेगळं राष्ट्रच, तिने पुढच्या पिढीला बांधून टाकू नये, हा विचार. घटना बदलता येण्याच्या बाजूने केवढा धारदार मुद्दा! आणि हाच जेफरसन १७८९ मध्ये आपल्या मित्राला, पुढे चौथा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनला, लिहितो की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, एका पिढीने आपलं कर्ज दुसरीच्या माथी मारू नये. स्वतः लेकीनातवांच्या माथी लाखाचं मारून गेला. वाक्य खोटं आहे का? नाही. लिहिणाऱ्याचं खातं थकीत आहे, इतकंच. माझ्या फाइलमध्ये असं प्रकरण आलं असतं तर मी कर्ज नाकारलं असतं आणि अर्जाची भाषा मात्र घरी येऊन ह्यांना वाचून दाखवली असती.

दोघं एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. अ‍ॅडम्स जाताना म्हणाला म्हणतात, "थॉमस जेफरसन अजून आहे." तो काही तासांपूर्वीच गेला होता.

तो अकरा वर्षांचा पीटर पुढे पळाला, पकडला गेला, पुन्हा विकला गेला, १८५० च्या सुमारास सुटला. सिनसिनाटीला पाद्री झाला. १९०० मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, तो मॉन्टिसेलोला परत आला. ह्या वेळी समोरच्या दाराने. म्हणजे घड्याळाखालूनच गेला असणार.