प्रतिक्रियेला उत्तर : किनाऱ्यावरचं सगळं सल्फेट दर्याचं नसतं

'दर्यावर्दी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या महोदयांस,

मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांत जे सल्फेट (गंधकाचा क्षार) सापडतं, त्यातलं बरंचसं इंधन जळण्यातून येतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर आपण म्हणता, "समुद्राच्या पाण्यातच सल्फेट असतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. घरबसल्या विज्ञान झोडू नका." सोबत कोऱ्या (म्हणजे हवा न ओढलेल्या) फिल्टरचा हिशेब कुठाय, दमट हवेत यंत्र खरं बोलतं का, तक्त्यात एकक का नाही, अशी सरबत्ती.

एकक राहिलं होतं, मान्य. 'मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' आता घातलंय.

राहता राहिलं 'घरबसल्या'. निवृत्त माणूस घरीच बसणार, साहेब. पण त्याआधीची नोकरी प्रयोगशाळेत गेली. क्वार्ट्झचा फिल्टर भट्टीत भाजायचा, फॉइलमध्ये गुंडाळायचा, चिमट्यानेच उचलायचा; तरी कडेचा भुगा सुटायचा तो सुटतोच. बोटाचा घाम लागला की सोडियम-क्लोराइड वाढलंच म्हणून समजा. मग गच्चीवरच्या सॅम्पलरने चोवीस तास हवा ओढायची, फिल्टरचा तुकडा पाण्यात भिजवून ते पाणी आयन क्रोमॅटोग्राफला, म्हणजे विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला लावायचं. हे ज्याने केलंय त्याला शाळेतल्या पोराचा दाखला देता?

बरं, मुद्दा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, आणि म्हणूनच ते वजा करतात! समुद्राच्या पाण्यात दर ग्रॅम सोडियममागे साधारण ०.२५ ग्रॅम सल्फेट असतं. समजा, फिल्टरवर सोडियम २ मायक्रोग्रॅम आणि सल्फेट ६ निघालं. समुद्राच्या वाट्याला आलं अर्धा मायक्रोग्रॅम. उरलेलं साडेपाच कुठून आलं, ते आपण सांगा. त्यात मातीतून आलेलं सोडियमही आपण समुद्राच्याच खात्यावर मांडतो, म्हणजे गफलत झाली तरी ती दर्याच्याच पदरात.

क्लोराइडवरून हिशेब का नाही, असंही कुणी विचारेल. हवेतलं नायट्रिक आम्ल मिठाच्या कणाला भिडलं की सोडियम नायट्रेट बनतं आणि क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन निघून जातो. समुद्रात क्लोराइड-सोडियमचं वजनी प्रमाण १.८ असतं, शहराच्या हवेत मुरलेल्या कणांत ते उतरतं. शिवाय लाटांच्या तुषारांतलं मीठ बहुतेक जाड कणांत असतं, धुरातल्या गंधकापासून बनणारं अमोनियम सल्फेट बारीक कणांत. माझा लेख बारीक कणांवर होता, हे पहिल्याच परिच्छेदात आहे. तिथवर तरी वाचायचं होतं.

समुद्रातल्या प्लवकांपासून (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून) डायमिथाइल सल्फाइड हा गंधकयुक्त वायू निघतो आणि त्याचंही हवेत सल्फेट होतं, ते या वजाबाकीत सापडत नाही. हा आक्षेप घेतला असतात तर मी मान डोलावली असती. पण तो आपल्याला सुचला नाही.

कोरे फिल्टर वगैरे नेहमीचे सोपस्कार आहेत, ब्लॉगवर त्यांचं कीर्तन कोण ऐकणार? दमटपणाचंही तेच.

पुढचा लेख जहाजांच्या धुरावर आहे. १ जानेवारी २०२० पासून त्यांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, त्याने काय बदललं ते त्यात येईल. प्रतिक्रिया जरूर द्या, फक्त लेख वाचून झाल्यावर.