बारपाकच्या चढावरचा खोका

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नेपाळच्या २०१५ च्या भूकंपावर लिहिताना 'जुने कपडे पाठवणं म्हणजे कपाटाची सफाई' असं मी म्हटलं, ते तुम्हाला लागलं. तुमच्या मंडळाने आठ दिवस खपून खोके बांधले होते. तुमचं म्हणणं असं, की पैसे मधल्यामधे खाल्ले जातात, कपडा निदान कुणाच्या तरी अंगावर पडतो. आणि किल्लारीला साऱ्या महाराष्ट्राने कपडे पाठवले तेव्हा कुणी नाक मुरडलं नव्हतं.

'कपाटाची सफाई' मागे घेतो. ते वाक्य टाळी घ्यायला लिहिलं होतं. बाकीचं मात्र मागे घेत नाही.

किल्लारीचं म्हणाल तर मी औसा तालुक्यातलाच. १९९३ साली आठवीत होतो. विसर्जन करून दमलेली गावं झोपेत होती, पहाटे ३.५६ ला मातीत रचलेल्या दगडी भिंती अंगावर आल्या. नंतरच्या पावसात रस्त्याकडेला भिजत पडलेले कपड्यांचे ढीग मी पाहिलेत. नाक कुणी मुरडलं नाही, कारण देणाऱ्याला तोंडावर कोण बोलणार? पण तिथे निदान ट्रक गावापर्यंत येत होता.

बारपाकला येत नव्हता. गोरखा जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे २५ एप्रिलच्या ७.८ च्या भूकंपाचं केंद्र. भिंती आपल्यासारख्याच, दगड आणि माती. फक्त तो शनिवार होता, दुपारचे बारा वाजत आले होते. शाळांना सुट्टी, माणसं शेतात. तरीही देशभरात सुमारे नऊ हजार माणसं गेली. मे महिन्यात मी एका छोट्या गटाबरोबर तिथे होतो. जीपचा कच्चा रस्ता दरडींनी जागोजागी तोडला होता. पुढे सामान जायचं ते डोकोतून. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा आणि मान पुढे काढून चढायचं. एका खेपेला तीसेक किलो. म्हणजे तीस किलो कपडे चढले, की तेवढ्याच वजनाच्या ताडपत्र्या किंवा तांदूळ खाली राहिला. माझं भांडण कपड्यांशी नाही, या हिशेबाशी आहे.

असाच एक खोका वर पोचलेला आमच्यासमोर उघडला. पार्टीतले झगमगीत फ्रॉक, एका पायाचा उंच टाचेचा सँडल, आणि बिनहुकांचे ब्लाउज. बारपाकच्या गुरुङ, घले समाजांतल्या बायकांना साडीवरचे ब्लाउज! आपल्या गोरखा पलटणीतून निवृत्त झालेले एक आजोबा शेजारी उभे होते. हसले नाहीत की चिडले नाहीत. हिंदीत एवढंच विचारलं, "साहब, त्रिपाल नहीं आया?" त्रिपाल म्हणजे ताडपत्री. जूनमधला पाऊस त्यांना तेव्हाच दिसत होता. त्याआधी १२ मेला ७.३ चा दुसरा धक्का बसला, आणि उभ्या राहिलेल्या घरांतही कुणी झोपेना.

'हेलिकॉप्टरने का नाही नेलं?' हेही विचारलंत. हेलिकॉप्टर होती, आपल्या वायुदलाचीही होती, पण ती जखमींना आधी उचलणार. तेव्हा देशात आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच होता, त्याला धावपट्टी एकच. ३ मेला तिचं नुकसान दिसल्यावर मोठी विमानं उतरवणं बंद केलं. त्यात कस्टम्समध्ये माल अडकलेला. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मदतकार्य प्रमुख व्हॅलरी एमॉस यांना त्याबद्दल थेट पंतप्रधान कोइरालांशी बोलावं लागलं.

अशा वेळी मला पटलं ते जागतिक अन्न कार्यक्रमाचं काम. एव्हरेस्टच्या तळावर हिमलोट कोसळून गिर्यारोहणाचा हंगाम बुडाला होता, वाटाडे आणि हमाल रिकामे बसलेले. त्यांनाच मजुरी देऊन वाटा मोकळ्या केल्या, खेचरं आणि माणसांच्या पाठीवरून सामान वर नेलं. तांदूळ पोचला आणि मजुरीही डोंगरातच राहिली.

पैशांबाबत मात्र तुमची शंका अगदीच खोटी नाही. पहिल्या आठवड्यात बाजारच बंद, तिथे नोट घेऊन करायचं काय? घरबांधणीचं अनुदान तीन लाख नेपाळी रुपयांपर्यंत गेलं, पण तीन हप्त्यांत. ते देणारं पुनर्निर्माण प्राधिकरण राजकारण्यांच्या ओढाताणीत डिसेंबर उजाडेपर्यंत उभं राहिलं नाही. लालपुर्जा, म्हणजे जमिनीचा कागद, ज्याच्याकडे नाही तो यादीतून गळायचा. याला खाणं म्हणा की खोळंबा, पत्र्याविना राहिलेल्याला फरक पडत नाही.

तुमचे खोके कुठवर गेले, मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी उघडलेल्या खोक्याची नायलॉनची दोरी आजोबांनी गाठी न कापता, नखांनी सोडवून गुंडाळून घेतली. दोनच दिवसांनी ताडपत्र्या आल्या, तेव्हा त्या ताणून बांधायला दोरी कुणीच पाठवली नव्हती.