पारेरांचं काम रोमारिओच्या खात्यावर टाकू नका

फुटबॉलचा विश्वचषक जवळ आला की ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: कार्लोस अल्बर्टो पारेरा हा पैशांमागे देशोदेशी फिरलेला भाडोत्री प्रशिक्षक. ब्राझीलबाहेर त्याला काहीच जिंकता आलं नाही. १९९४ चा विश्वचषक आघाडीवीर रोमारिओनं एकट्यानं जिंकून दिला. पारेरानं केलं ते एवढंच, की ब्राझीलचा सुंदर खेळ मारला. पाच देशांच्या संघांना घेऊन सहा विश्वचषकांत उतरलेल्या माणसाचा हिशेब चार वाक्यांत उरकणं अन्यायाचं आहे, आणि ही वाक्यं खरीही नाहीत.

ब्राझीलबाहेर काहीच जिंकलं नाही म्हणे. १९८० मध्ये कुवेतनं आशियाई चषक जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला ३-० असं हरवून. प्रशिक्षक पारेरा. चार वर्षांपूर्वी आधीचे प्रशिक्षक झगालो यांच्या हाताखाली हाच संघ उपविजेता ठरला होता, म्हणजे पाया आधीचा होता हे मान्य. कळस मात्र पारेरांनी चढवला. पुढे त्यांनी कुवेतला १९८२ च्या विश्वचषकात नेलं. कुवेत त्यानंतर आजतागायत तिथे पोचलेला नाही. १९८८ मध्ये सौदी अरेबियानं आशियाई चषक राखला, तेव्हाही प्रशिक्षक तेच. १९९६ मध्ये तुर्कस्तानात फेनरबाचे हा क्लब लीग विजेता झाला, तोही त्यांच्याच हाताखाली.

हा दावा करणाऱ्यांच्या मनात बहुधा विश्वचषकातले सामने असतात. तो आकडा खरंच वाईट आहे. कुवेत, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी यांच्याबरोबर मिळून आठ सामने, त्यांत एक बरोबरी आणि सात पराभव. १९९८ मध्ये तर डेन्मार्क आणि फ्रान्सकडून हरल्यावर सौदीनं त्यांना स्पर्धा चालू असतानाच काढलं. पण समोर कोण होतं तेही पाहा. अमिरातीला १९९० मध्ये पश्चिम जर्मनी, युगोस्लाव्हिया आणि कोलंबिया असा गट मिळाला होता. कुवेतनं १-१ असं रोखलं ते चेकोस्लोव्हाकियाला, सहा वर्षांपूर्वीच्या युरोपियन विजेत्यांना. २०१० मध्ये पारेरांच्याच हाताखाली, क्रमवारीत ८३ व्या स्थानी असलेल्या यजमान दक्षिण आफ्रिकेनं फ्रान्सला २-१ असं हरवलं. यजमान गटातच बाद झाले, तरी हा विजय पुसला जात नाही.

आता १९९४. रोमारिओनं पाच गोल केले, तो नसता तर चषक आला नसता, यात शंका नाही. मात्र ब्राझीलचे एकूण गोल अकरा होते आणि सात सामन्यांत खाल्ले फक्त तीन. अंतिम सामन्यात १२० मिनिटं इटलीला गोल करू न देणारी भिंत रोमारिओनं बांधलेली नव्हती. रिकार्डो गोमेस आणि मोझेर हे बचावपटू स्पर्धेआधीच बाहेर गेले होते, रिकार्डो रोचा पहिल्याच सामन्यात जखमी झाला. आल्डाइर आणि मार्सियो सांतोस या उरलेल्या जोडीवर पारेरांनी स्पर्धा काढली. दहा नंबरचा कर्णधार राई सूर हरवून बसला, तर त्याला बाकावर बसवून माझिन्योला आणलं आणि कर्णधारपद डुंगाकडे दिलं. ब्राझीलमध्ये हा निर्णय घेणं किती अवघड असेल, विचार करा. अमेरिकेविरुद्ध लिओनार्दोला लाल कार्ड मिळालं, दहा जणांनी सामना जिंकला. त्याच्या जागी आलेल्या ब्रांकोनं पुढच्याच सामन्यात फ्री किकवर नेदरलँड्सविरुद्ध तिसरा, निर्णायक गोल केला. उपांत्य फेरीत रोमारिओनं उंच स्वीडिश बचावपटूंमध्ये डोक्यानं मारलेला गोल सगळ्यांना आठवतो. तो क्रॉस उजव्या बाजूनं वर चढलेल्या जॉर्जिन्योचा होता. दोन्ही बगलेचे बचावपटू बेधडक पुढे जाऊ शकत होते, कारण मागे मधल्या फळीतले डुंगा आणि माउरो सिल्व्हा जागा धरून उभे असत.

रोमारिओला आधी बाहेर ठेवलं ही पारेरांची चूक, असंही म्हणतात. त्यात तथ्य आहे. पात्रता फेरीत ला पाझला बोलिव्हियाकडून ०-२ अशी हार झाली, ब्राझीलच्या इतिहासातली पात्रता फेरीतली पहिली. शेवटच्या सामन्यासाठी त्यांनी रोमारिओला परत बोलावलं आणि रिओच्या माराकाना मैदानावर त्याच्या दोन गोलांनी उरुग्वे हरला. मतभेद विसरून त्याला घेणारेही पारेराच होते.

सुंदर खेळ मारल्याचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. प्रशिक्षक तेले सांतानांचा १९८२ चा संघ माझ्याही काळजाजवळचा आहे. पण तो इटलीकडून ३-२ हरला, १९८६ मध्ये पेनल्टीवर फ्रान्सनं घालवलं, १९९० मध्ये अर्जेंटिनानं. २४ वर्षं चषक नव्हता. पारेरांनी खेळाचा वेग उतरवला, चेंडू आपल्याकडे ठेवला आणि मागची दारं लावली. ते भित्रे असते तर २००६ मध्ये रोनाल्डो, आद्रियानो, रोनाल्डिन्यो आणि काका यांना एकत्र उतरवलंच नसतं. त्या वर्षी खरी चूक उलट दिशेची होती: स्वित्झर्लंडमधल्या सरावाची जत्रा झाली, ३६ वर्षांचा काफू आणि ३३ वर्षांचा रोबेर्तो कार्लोस बगलांवर तसेच राहिले, आणि फ्रान्सविरुद्ध झिदानच्या फ्री किकवर ऑन्री गोल करायला मोकळा सुटला. या पराभवाची जबाबदारी पारेरांची आहेच. ती १९९४ च्या डोक्यावर कशाला?

राहिला पैसा. आखातात पगार चांगले होते आणि ते त्यांनी घेतले. पण १९६७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, व्यावसायिक फुटबॉल कधीही न खेळलेला हा शारीरिक शिक्षणाचा पदवीधर घानाच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला, तो काही तेलाच्या पैशासाठी नव्हे. २००८ मध्ये विश्वचषकाचे यजमान असलेल्या दक्षिण आफ्रिकेचं काम त्यांनी पत्नीच्या आजारपणामुळे सोडलं होतं, पुढे ते परतले. आणि १९९९ मध्ये फ्लुमिनेन्स हा रिओचा जुना क्लब घसरत तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला, तेव्हा त्याला सावरायला विश्वविजेते पारेरा गेले. याच क्लबला त्यांनी १९८४ मध्ये ब्राझीलचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. आता छोट्या गावांच्या मैदानांवर खेळून त्यांनी त्याला तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद जिंकून दिलं.